इंटरकूलरमधलं पाणी: काढायचं कसं, ओळखायचं कसं आणि ड्रिल कुठे ठेवायचं

मृग लागून पंधरा दिवस झाले की आमच्याकडे एकच तक्रार घेऊन गाड्या येतात. "भाऊ, सकाळी पांढरा धूर सोडते, अन् चढावर गाडी उचलूनच नाही रायली." मिस्त्री पाईप सोडवतो, इंटरकूलरच्या खालच्या तोंडातून घोटभर पाणी पडतं आणि तिथून चुकांची रांग लागते. कोणी म्हणतो रेडिएटर फुटला, कोणी हेड उतरवतो, कोणी ड्रिल आणून इंटरकूलरच्या तळाला भोक पाडतो.

वणीकडे कोळसा वाहणारी एक दहा टायरची गाडी माझ्याकडे आली, ती दुसऱ्या एका गॅरेजात हेड गॅस्केट बदलून. तिसऱ्या दिवशी सकाळी धूर परत. एअर फिल्टरच्या डब्याखालची रबरी चोच कोळशाच्या चिखलाने बंद झाली होती, डब्यात पाणी तुंबलं होतं आणि तेच पुढे ओढलं जात होतं. चोच बोटाने साफ करायला दोन मिनिटं लागली. मालकाने हेडचा खर्च केला होता तो गेला.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि काम त्याच क्रमाने करा. पायऱ्या मागेपुढे केल्या की निदान चुकतं.

## आधी एवढं डोक्यात ठेवा

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत इंटरकूलर हवेनेच हवा थंड करतो. रेडिएटरच्या पुढे उभी असलेली ती ॲल्युमिनियमची जाळी. तिच्या नळ्यांत टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून) आलेली गरम हवा असते, बाहेरून वारा लागतो. रेडिएटरचं पाणी त्या नळ्यांत कुठेच येत नाही. त्यामुळे इंटरकूलरमध्ये पाणी सापडलं म्हणून रेडिएटरवर संशय घेण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाला एक लागून उभे असतात, एवढाच त्यांचा संबंध.

मग पाणी येतं कुठून? बरंचसं हवेतूनच. जुलैच्या झडीत तापमान २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. टर्बोने ती हवा बाहेरच्या दाबाच्या अडीच पट दाबली की तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो) २४ अंशांवरून ४० अंशांच्या आसपास चढतो. इंटरकूलरमधून निघणारी हवा जर ३५-३६ अंशांची असेल, तर पाणी सुटणारच. सहा लिटरचं इंजिन भरल्या गाडीत जोर लावताना मिनिटाला दहा घनमीटरच्या वर हवा ओढतं. हिशेब तुम्हीच करा.

यातलं बहुतेक पाणी धुक्यासारखं हवेबरोबर इंजिनात जातं आणि धुराड्यातून बाहेर पडतं. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते साचलेलं पाणी. मंडीत, खाणीच्या काट्यावर किंवा जिनिंगच्या फाटकावर गाडी तासन् तास चालू ठेवून उभी राहते, हवेला जोर नसतो, तेव्हा जाळीला धरलेले थेंब ओघळून खालच्या टाकीत जमतात. नंतर ड्रायव्हरने एकदम रेस दिली की तो साठा एका दमात सिलिंडरकडे जातो.

किती पाणी धोक्याचं? सहा सिलिंडर, सहा लिटर, कॉम्प्रेशन १७ला १ असं इंजिन धरा. पिस्टन वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये जागा उरते सुमारे ६० मिलिलिटर. टपरीवरचा एक कट चहा. तेवढं पाणी एकाच सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टनला वर जायला जागाच नाही. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसत्या दवाच्या पाण्याने हे क्वचितच होतं, कारण ते सहा सिलिंडरांत वाटलं जातं. पण भरलेल्या रपट्यातून गाडी काढली आणि फिल्टरमधून पाणी ओढलं गेलं तर नक्की होतं.

आणखी एक खूण, बरीच मेहनत वाचवणारी. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की दाबल्यावरही तिचा दवबिंदू २७-२८ अंशांच्या वर जात नाही, आणि इंटरकूलर तिला ५५ अंशांच्या खाली काही आणू शकत नाही. म्हणजे भर उन्हाळ्यात इंटरकूलर कोरडाठाक असायला हवा. तेव्हा पाणी सापडलं तर ते हवेतलं नाही. बहुधा गाडी धुताना पाईप थेट फिल्टरच्या तोंडावर मारलेला असतो. थंडीत, धुक्याच्या पहाटे मात्र थोडं पाणी सुटतं, कारण बाहेरची हवा १०-१२ अंशांची असली की इंटरकूलर ती फार थंड करून देतो.

## १. तयारी

वेळ सकाळची. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असावी, म्हणजे पाणी पूर्ण खाली उतरलेलं असतं. रात्री मुक्कामाला आल्या आल्या पाईप खोलणारे दोन चुका एकदम करतात: टर्बोकडचा पाईप हात भाजण्याइतका तापलेला असतो, आणि पाणी अजून जाळीत अडकलेलं असल्यामुळे मोजमाप कमी भरतं.

सामान आधी एका जागी काढा: गोटी पाने, पेचकस, टॉर्च, स्वच्छ सुती फडकं (सुटे धागे निघणारं कापसाचं बोंडूक नको), पाणी धरायला अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली, उघड्या तोंडांवर बांधायला जाड प्लॅस्टिक आणि दोरी, खडू. लिकेज तपासायचं असेल तर दाब कमी करता येणारा रेग्युलेटर, घड्याळ आणि दोन्ही तोंडांची बुचं. क्लॅम्प जुने असतील तर नवीन आधीच आणून ठेवा. काम अर्धं झाल्यावर तालुक्याला क्लॅम्प आणायला जाणं म्हणजे दिवसभर इंजिनाचं तोंड उघडं.

टायरला दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक, बॅटरीचा मेन स्विच बंद. कॅबिन उचलली तर तिची आधाराची दांडी खाचेत नीट बसली का ते हाताने हलवून पाहा.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. पाईप खोलायच्या आधी जोडाभोवतीची माती ओल्या फडक्याने पुसा. क्लॅम्पभोवती बोटभर धूळ बसलेली असते आणि होस ओढला की ती सरळ आत पडते. ती टर्बोच्या नंतरच्या भागात पडली, म्हणजे तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये कोणताही फिल्टर नाही.

> सावधान: वारा सुटलेला असेल, शेजारी सोयाबीनची मळणी चालू असेल किंवा कोळशाचा ढीग असेल, तर तिथे हे काम करू नका. गाडी आडोशाला न्या.

## २. खोलण्याआधी तीन दिवस पाहा

गाडी रस्त्यात बंद पडली असेल तर गोष्ट वेगळी. पण ती चालते आणि फक्त धूर व ओढ यांची तक्रार आहे, तर तीन दिवस थांबा. कूलंटच्या टाकीवर खडूने खूण करा. रोज सकाळी, इंजिन थंड असताना पातळी पाहा.

पातळी उतरत नाही, धूर फक्त पहिली काही मिनिटं निघतो आणि झडीच्या किंवा धुक्याच्या दिवशी जास्त होतो: दवाचं पाणी. पुढच्या पायरीवर या. पातळी रोज उतरते, गाडी तापल्यावरही भाराखाली पांढरा धूर राहतो, किंवा टाकीत बुडबुडे येतात: तेव्हा गॅस्केट, हेड, बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) या बाजूला शोध घ्या. तो आजार इंटरकूलरचा नाही.

पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचाही असतो. त्याचा वास डोळ्यांना चुरचुरतो, पाण्याच्या वाफेला तसा वास नसतो. अनुभवी ड्रायव्हर दूर उभा राहूनच हे सांगतो. त्याचं ऐका.

## ३. पाणी काढणं

इंटरकूलरला दोन मोठे पाईप असतात. टर्बोकडून येतो तो गरम, इंजिनाच्या मॅनिफोल्डकडे जातो तो थंड. पाणी थंड बाजूच्या टाकीत जास्त साचतं. काही इंटरकूलरना तळाला निचऱ्याचं बूच असतं, काहींना कारखान्यातूनच सुईएवढं छिद्र असतं. बूच असेल तर तेच वापरा. छिद्र असेल तर ते बारीक तारेने मोकळं करा. मोठं करू नका.

दोन्ही नसेल तर:

१. थंड बाजूचा सगळ्यात खालचा जोड शोधा. होस आणि पाईप दोन्हींवर खडूची एकच आडवी रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना पीळ पडणार नाही.

२. क्लॅम्प सैल करून मागे सरकवा. होस पेचकसाने उचकटू नका, त्याच्या आतला थर फाटतो. हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

३. बाटली आधी खाली धरा, मग होस ओढा. पहिल्या धारेतच निम्मं काम असतं आणि नेमकी तीच जमिनीवर सांडते.

४. गरम बाजूचा जोडही खोला. तिथे पाणी कमी आणि तेल जास्त दिसेल.

५. इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपात बोट फिरवा. त्याला उतार असेल तर तिथेही साचलेलं असतं. ते फडक्याने टिपून घ्या.

६. लगेच चारही तोंडं प्लॅस्टिकने बांधा. उघड्या पाईपात पाना किंवा नट ठेवून चहाला जाणारा क्लीनर मी पाहिला आहे.

> सावधान: पाणी बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा गरम बाजूने मारून थंड बाजूचा पाईप इंजिनाला जोडलेलाच ठेवू नका. तुम्ही पाणी बाहेर नाही, सिलिंडरकडे ढकलता आहात.

बाटलीतलं पाणी मोजा आणि लिहून ठेवा. माझा हिशेब असा: झडीच्या आठवड्यात दोन-चार चमचे निघाले तर पाईप जोडा आणि गाडी चालवा, हा बिघाडच नाही. शंभर मिलिलिटरच्या आसपास निघालं तर पुढच्या लागू पडतील त्या पायऱ्या करा आणि आठवड्याने परत काढून पाहा. पाव लिटर किंवा जास्त असेल तर फक्त हवेला दोष देऊ नका, बाहेरून पाणी शिरतंय असं धरून चला.

## ४. पाणी ओळखणं

बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडात धरा.

स्वच्छ किंवा थोडं काळपट पाणी आणि वर तेलाचा पातळ तवंग: हे नेहमीचं. ज्या गाड्यांत इंजिनाची वाफ परत टर्बोच्या तोंडाशी सोडलेली असते, तिथे तेलाचा हलका हात इंटरकूलरमध्ये लागतोच. तेवढ्यावरून टर्बो गेला असं म्हणू नका.

ताकासारखं पांढरट, चिकट: पाणी आणि तेल घुसळून झालेलं. प्रमाण थोडं असेल तर स्वच्छता पुरे. वाटीभर निघालं तर तेल कुठून येतंय ते शोधा: टर्बोची शाफ्ट हाताने हलवून पाहा, इंजिनाच्या वाफेचा पाईप तुंबलाय का पाहा.

गढूळ, तळाला माती: पावसाचं किंवा नाल्याचं पाणी. हे सगळ्यात वाईट, कारण पाण्याबरोबर माती इंजिनात गेली. पाचवी पायरी आत्ताच करा.

हिरवं, गुलाबी किंवा निळसर, बोटाला चिकट: कूलंट. हवेच्या इंटरकूलरमध्ये ते येण्याचा मार्ग फार कमी. आधी कोणी चुकून काही ओतलं का विचारा, मग कंपनीच्या माणसाला दाखवा.

खात्री करायची असेल तर वर्तमानपत्राच्या कागदावर दोन थेंब टाका आणि उन्हात ठेवा. पाणी सुकून जातं, तेलाचा पारदर्शक डाग राहतो, कूलंटचा रंगीत चिकटपणा राहतो.

> सावधान: "गोड लागतं का बघ" म्हणून जिभेला लावायची जुनी खोड आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी आहे. चव घेऊ नका, आणि बाटली मुलांच्या किंवा गुरांच्या वाटेत ठेवू नका.

## ५. बाहेरचं पाणी कुठून शिरतं

टर्बोच्या आधीचा भाग हवा ओढतो, नंतरचा भाग फुंकतो. गाडी चालू असताना टर्बोनंतरच्या फाटक्या होसमधून हवा बाहेर पडते, पाणी आत येत नाही. पाणी आणि धूळ आत येते ती फिल्टरपासून टर्बोच्या तोंडापर्यंत. म्हणून शोध तिथेच.

वरून खाली या. कॅबिनमागच्या उंच नळकांड्याची टोपी जागेवर आहे का, तिचं तोंड वळवलेलं तर नाही ना? नळकांडं आणि फिल्टरचा डबा यांच्यामधलं रबर फाटलेलं आहे का? कॅबिन उचलताना हे रबर वेगळं होतं. परत टेकताना ते वाकडं बसलं तर पावसाचं पाणी सरळ डब्यात. मग फिल्टर उघडा. कागद ओला असेल, किंवा ओला होऊन सुकल्याने लाटा पडल्या असतील, तर तो फेकून द्या. उन्हात वाळवून परत घालू नका, भिजलेल्या कागदाचा चिकटवलेला भाग सुटतो. कोळशाच्या पट्ट्यात तर नाहीच नाही.

डब्याच्या तळाची रबरी चोच बोटांनी दाबून पाहा. ती मऊ, मोकळी आणि इंजिन बंद असताना किंचित उघडणारी हवी. कडक झाली किंवा तुटून गेली असेल तर नवी लावा. काही ड्रायव्हर ती हरवल्यावर तिथे चिंधी कोंबतात. मग पाणी आत येतं पण बाहेर जात नाही.

फिल्टरनंतरचा, टर्बोकडे जाणारा रबरी पाईप खालच्या बाजूने हात फिरवून तपासा. भेगा नेहमी न दिसणाऱ्या बाजूलाच असतात. पाईप काढून टर्बोच्या पंख्यावर टॉर्च मारा: पात्यांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. त्या झिजून बोथट झाल्या असतील तर धूळ बऱ्याच दिवसांपासून जाते आहे.

## ६. आतली सफाई, फक्त गरज असेल तर

नुसतं पाणी निघालं असेल तर ही पायरी सोडा. तेल किंवा ताकासारखा गाळ असेल तरच इंटरकूलर उतरवा.

इथे सगळ्यात महागडी चूक होते. इंटरकूलरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतून खंगाळतात आणि झटकून परत बसवतात. नळ्यांत राहिलेलं डिझेल इंजिन हवेबरोबर ओढतं आणि चावी बंद केली तरी रेस वाढतच जाते, कारण इंजिनला इंधन आता पंपाकडून नाही, इंटरकूलरमधून मिळतंय. अशा वेळी गाडी वरच्या गिअरला टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडून इंजिन बंद पाडतात, किंवा हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून हवा तोडतात. हात किंवा फडकं कधीच नाही, ते ओढलं जातं. ही वेळच येऊ देऊ नका.

दुसरी चूक कॉस्टिक सोड्याची. भांडी-टाक्या त्याने लखलखीत होतात, पण ॲल्युमिनियमला तो खातो. नळ्या पातळ होतात आणि दोन महिन्यांनी लिकेज निघतं.

बरोबर पद्धत: कोमट पाणी आणि साधा धुण्याचा साबण, दोन्ही तोंडं बंद करून अर्धा तास भिजवणं, हलवून काढणं, साबण पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा खंगाळणं. शेवटचं पाणी पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहा, तेलाचा डाग उरायला नको. मग तोंडं खाली करून उभा ठेवा, कमी दाबाची हवा मारा आणि एक अख्खा दिवस उन्हात किंवा हवेशीर जागी वाळवा. झडीत ऊन नसतं. तेव्हा घाई न करता दोन दिवस द्या.

टर्बो फुटून धातूचे तुकडे इंटरकूलरमध्ये गेले असतील तर धुवून विश्वास ठेवू नका. नळ्यांत अडकलेला तुकडा महिन्याने सुटतो. तेव्हा इंटरकूलर बदलाच.

## ७. बाहेरची जाळी

दवाशी याचा थेट संबंध नाही, पण उतरवलेला असतानाच हे होतं. आपल्याकडे जाळी तुंबते ती कापसाच्या धाग्यांनी आणि सोयाबीनच्या कुटाराने. दसऱ्यानंतर जिनिंगच्या खेपा करणाऱ्या गाड्यांत इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या फटीत अक्षरशः गादी तयार होते. समोरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून ती कोणी पाहत नाही.

हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. सर्व्हिसिंगच्या दाबाचं पिस्तूल जवळ नेऊ नका. पाती आडवी झाली की तो भाग कायमचा बंद.

काही ड्रायव्हर थंडीत जाळीसमोर गोणपाट किंवा पुठ्ठा बांधतात. बर्फाच्या मुलुखात याला काही अर्थ असेल. आपल्याकडे दुपारी दोनला भरली गाडी घाट चढते तेव्हा तोच पुठ्ठा इंजिन तापवतो.

## ८. लिकेज तपासणी

इंटरकूलर उतरवला असेल तर ही पायरी वगळू नका. लिकेज असलं की बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी, धूर काळा, डिझेल जास्त, आणि दोष मात्र पाण्याला.

एका तोंडाला पक्कं बूच, दुसऱ्याला हवेच्या नळीचं बूच. दोन्ही बुचांना साखळी किंवा तार बांधून ती इंटरकूलरच्या चौकटीला अडकवा. रेग्युलेटर शून्यावर ठेवून सुरुवात करा आणि हळूहळू ३० पीएसआयपर्यंत न्या, टायरवाल्याच्या भाषेत ३० पौंड. हवा बंद करा आणि घड्याळ पाहा. १५ सेकंदांत दाब ५ पौंडांपेक्षा कमी उतरला तर बहुतेक गाड्यांसाठी ठीक धरतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून टाकी आणि जाळीच्या सांध्यावर बुडबुडे शोधा. सांधा तिथेच फुटतो.

> सावधान: कॉम्प्रेसरच्या टाकीत १००-१२० पौंड असतात. रेग्युलेटर न लावता ती हवा थेट सोडली तर बूच गोळीसारखं सुटतं. तपासताना बुचाच्या समोर उभं राहू नका.

## ९. परत बसवणं

होसची आतली बाजू आणि पाईपचं तोंड कोरडं पुसा. सहज चढावा म्हणून तेल किंवा ग्रीस लावतात, आणि मग बूस्ट आल्यावर चढावर होस "फट्" करून निसटतो. फारच घट्ट असेल तर साबणाच्या पाण्याचा एक हात पुरे, ते सुकतं.

खडूच्या रेघा जुळवा. होस पाईपच्या उंचवट्याच्या पलीकडे गेला पाहिजे आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, त्याच्यावर नाही. घट्ट करताना जोर दाखवू नका: क्लॅम्प होसमध्ये रुतून रबर कापायला लागला की तो सैल क्लॅम्पइतकाच वाईट. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर, इंजिन निवल्यावर, एकदा परत तपासा. रबर बसतं आणि क्लॅम्प ढिले होतात.

बीएस-६ गाडीत पाईपवर दाबाचा आणि तापमानाचा सेन्सर असतो. त्याचा प्लग लावायचा राहिला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ओढ कमी होते. सेन्सरवर तेलाचा थर असेल तर पुसा, पण टोकदार काही घालू नका. गाडी वॉरंटीत असेल तर पाणी काढण्यापलीकडचं काम कंपनीच्या सर्व्हिसलाच करू द्या.

चालू करण्याआधी तपासा: खोललेले सगळे जोड बोटाने मोजा. फडकी मोजा. आणलेली चार, हातात तीन, तर स्टार्टर मारू नका.

## १०. पहिली सुरुवात

पाच मिनिटं आयडलवर. मग हळूहळू रेस. आत उरलेला ओलावा पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा पांढरा धूर देईल, तो थांबला पाहिजे.

गाडी रपट्यात बंद पडली असेल, किंवा स्टार्टर मारताच "टक्" होऊन इंजिन अडकलं असेल, तर दुसऱ्यांदा चावी फिरवू नका. धक्का मारून किंवा ओढूनही चालू करू नका. रॉड पहिल्या अडकण्यात वाचला असेल तर तो दुसऱ्या झटक्यात वाकतो. इंजेक्टर काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावं लागतं. कॉमन रेलच्या गाडीत ते रस्त्याकडेला धुळीत करायचं काम नाही, गाडी ओढून आडोशाला न्या.

## त्या भोकाबद्दल

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो: "तळाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं तर पाणी आपोआप जाईल ना?" जाईल. आणि खरं सांगायचं तर तेवढ्या भोकातून बूस्टही फार जात नाही. माझा विरोध बुऱ्याला आहे. ड्रिल टाकीच्या आत निघालं की ॲल्युमिनियमचा बुरा आत पडतो आणि तिथून पुढे इंजिनापर्यंत मोकळा रस्ता आहे. शिवाय बारीक भोक तेलकट गाळाने दोन महिन्यांत तुंबतं, मग कोणीतरी ते पाच-सहा मिलिमीटर करतं. मग बूस्ट खरंच जातो, धूर काळा होतो आणि बीएस-६ गाडीत धुराड्यातला काजळीचा फिल्टर लवकर भरतो. पातळ टाकीला भोकापासून चीर जाते ती वेगळीच. निचरा हवाच असेल तर इंटरकूलर उतरवून, बूच बसवायची सोय चांगल्या वेल्डरकडून करून घ्या आणि आतून धुऊन घ्या. चालत्या गाडीवर ड्रिल नको.

## ड्रायव्हरला सांगायच्या गोष्टी

काट्याच्या रांगेत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. लांब आयडलनंतर किंवा घाट उतरून आल्यावर पहिला एक-दोन किलोमीटर रेस हळूहळू वाढवायची, म्हणजे साचलेलं पाणी थोडं थोडं जातं. गाडी धुताना हवेच्या नळकांड्यावर पाईप मारायचा नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. फिल्टरच्या तोंडाची उंची पाहून "निघंल निघंल" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, कारण पुढची गाडी उडवते ती लाट त्या तोंडापर्यंत जाते.

मृगापासून पोळ्यापर्यंत आठवड्यातून एकदा पाणी काढा, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पंधरवड्यातून एकदा, डिसेंबर-जानेवारीत धुकं पडलं तर महिन्यातून एकदा. कॅबिनमधल्या डायरीत तारीख, किती मिलिलिटर, पाण्याचा रंग आणि त्या दिवशी झड होती की उघाड, एवढं लिहा. दोन पावसाळ्यांची पानं झाली की कोणत्या आठवड्यातलं पाणी हवेचं आणि कोणतं रबरी चोचीचं, हे डायरी उघडूनच कळतं.